दारावरची तिरकी डबी

कुणाच्या घरात एखाद्याला दमा असतो, कुणाच्या घरात एखादा घोरतो, आमच्या घरात एक कादंबरीकार आहे. माझा धाकटा भाऊ. खाली आमचं चष्म्याचं दुकान आणि वर घर. दुकान बाबांनी काढलं, आता मी चालवते. धाकटा वरच्या मागच्या खोलीत लिहितो आणि अडला की खाली येऊन डोळे तपासायच्या खुर्चीत बसतो.

"ताई, माणूस घाबरला की चष्मा काढतो की घालतो?"

"गिऱ्हाईक आलंय, ऊठ."

असा आमचा साहित्यिक संवाद.

ह्या वेळची कादंबरी आमच्यावरच होती. म्हणजे ज्यू असण्यावर, आणि ज्यू लोक न आवडणाऱ्यांवर. गावात आमची घरं मोजकीच. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि ते दहा जमवताना नेहमी एखाद्याला अंथरुणातून उठवून, पाठ दुखत असली तर दोघांनी धरून आणावं लागतं. आमच्या गल्लीत तर आम्ही एकटेच. विषय मोठा होता हे मला मान्य आहे. पण हा मुलगा गेली काही वर्षं असं तोंड करून हिंडत होता की शेजारणी मला हळूच विचारायच्या, कुणी गेलं का.

दर रविवारी जेवण झालं की तो नवीन प्रकरण मला आणि आईला वाचून दाखवायचा. ही त्याची जुनी पद्धत. आम्ही ऐकल्याशिवाय त्याला पुढचं सुचत नाही, आणि आम्ही ऐकल्यावर त्याला लिहिलेलं आवडत नाही.

"मला चौथ्याच प्रकरणात का मारलंस?" आईने एकदा विचारलं.

"ती तू नाहीस आई. ती नायकाची आई आहे."

"तिचा उजवा गुडघा दुखतो, ती चहात तीन चमचे साखर घालते, आणि ती मी नाही? बरं मारायच्या आधी तिला सारखं खिडकीत उभं करून उसासे टाकायला लावलंस. मी कधी खिडकीत उभी राहिले? पुसायला राहिले असेन."

आईचं म्हणणं खरं होतं. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या लोक हसले, भांडले, आई तर आजही पत्ते खेळताना मांडीखाली पान दडवते. कादंबरीत मात्र आम्ही सगळे अंधाऱ्या खोलीत बसून एकमेकांकडे अर्थपूर्ण बघत होतो. मी म्हटलं, "अरे, निदान एकाला तरी शिंकू दे." तो रागावून वर निघून गेला.

पण त्याच्यावर अन्याय नको. त्याने लिहिलेलं खोटं नव्हतं. शाळेत त्याच्या जिवलग मित्राच्या आईने वाढदिवसाचं आमंत्रण परत मागून घेतलं होतं, जागा कमी आहे म्हणून. बाकी सगळ्या वर्गाला जागा होती. माझ्याकडे एक प्रतिष्ठित गृहस्थ चष्मा करायला येतात, ते दर खेपेला पुढे वाकून, आवाज उतरवून सांगतात, "तुम्ही त्यांच्यातल्या वाटत नाही हं." हे कौतुक असतं. मी त्यांच्या चष्म्याचे नाकावरचे टेकू थोडे घट्ट करून देते. हे सगळं कादंबरीत होतं, टेकू सोडून.

"पण अशा बारीकसारीक गोष्टींनी कादंबरी उभी राहत नाही, ताई," धाकटा म्हणायचा. "एक माणूस लागतो. ज्याच्यात हे सगळं एकवटलंय असा."

आणि तसा माणूस त्याच्याकडे होता. जिन्याच्या पलीकडे, आमच्या दारासमोरच्या दारात राहणारे, तसबिरी मढवून देणारे फ्रेमवाले.

आता ती डबीची हकिकत सांगायला हवी.

आमच्या दाराच्या उजव्या चौकटीवर बोटभर लांबीची पितळी डबी असते. आत चामड्याच्या पातळ पट्टीवर हाताने लिहिलेली प्रार्थना, गुंडाळी करून ठेवलेली. तिला मेझुझा म्हणतात, आम्ही घरात नुसतं डबी म्हणतो. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ओठांना टेकवायची. ही डबी तिरकी लावतात. का, तर फार पूर्वी एका थोर पंडिताने सांगितलं की ती उभी लावावी, आणि त्याच्या सख्ख्या नातवाने सांगितलं की आडवी लावावी. दोघंही विद्वान, दुखवायचं कुणाला? मग लोकांनी ती तिरकी लावायला सुरुवात केली. आजोबा-नातवाचं भांडण जगातल्या सगळ्या चौकटींवर मिटवून ठेवणारे लोक आम्हीच. बाबा म्हणायचे, "ह्या घरात कुणीच पूर्ण बरोबर नसतं, हे दाराबाहेरच सांगून टाकलेलं बरं."

मी लहान होते, धाकटा नुकताच शाळेत जायला लागला होता, तेव्हा एका सकाळी दार उघडलं तर डबी सरळ. ताठ उभी. खिळेही नवे. बाबा बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिले, मग हातोडी आणून त्यांनी ती पुन्हा तिरकी केली. काही दिवसांनी बघतो तर परत सरळ. बाबांनी परत तिरकी केली. असं कितीतरी वेळा झालं. कुणी एक शब्द बोललं नाही, कुणी चिठ्ठी टाकली नाही, फक्त आमची डबी कुणीतरी सरळ करून जात होतं. घरात हसणं कमी झालं ते तेवढ्याच दिवसांत. बाबा आईला म्हणाले, "कुणीतरी सांगतंय, आमच्यासारखे सरळ व्हा, नाहीतर जा."

मग एक दिवस धाकटा दूध आणायला म्हणून बाहेर पडला आणि पांढराफटक होऊन परत आला. समोरचे फ्रेमवाले आमच्या चौकटीशी उभे होते. हातात लहान हातोडी आणि तोंडात खिळे.

बाबा भांडायला गेले नाहीत. त्यांनी डबी उचलून चौकटीच्या आतल्या अंगाला लावली, बाहेरच्या हाताला लागणार नाही अशी. त्या दिवसापासून समोरच्यांशी आमचं बोलणं नमस्कारापुरतं राहिलं. बाबा गेले तेव्हा फ्रेमवाले आले, दाराबाहेर थोडा वेळ उभे राहिले, आणि तसेच परत गेले. आम्ही कुणी 'आत या' म्हटलं नाही.

फ्रेमवाल्यांचं आणखी एक होतं. जिन्यात गाठ पडली की मान वाकडी करून विचारायचे, "काय, धंदा जोरात ना? तुमच्या लोकांचं डोकं पैशात फार चालतं." हे त्या दुकानाबद्दल, जिथे बाबांनी आयुष्यभर म्हाताऱ्यांचे चष्मे फुकट दुरुस्त केले. आम्हाला आणखी पुरावा कशाला हवा होता? शिवाय चष्मा करायला हा माणूस आमच्या दुकानावरून चालत गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. आणि तिथून जो चष्मा आणायचा तो त्यांच्या नाकावर इतका वाकडा बसायचा की बघून माझे हात शिवशिवायचे. शत्रूचा का असेना, चष्मा नीट बसावा एवढीच माझी इच्छा असते.

तर कादंबरीतलं सगळ्यात जोरदार प्रकरण म्हणजे तोंडात खिळे धरून दारांमागून ऐकत फिरणारा फ्रेमवाला. प्रकाशकाचा फोन आला, वाचताना अंगावर काटा आला म्हणाले. छपाई पुढच्याच आठवड्यात सुरू व्हायची होती. आई म्हणाली, पुस्तक निघालं की लोक घरी येणार, चहापाणी होणार, तेव्हा आधी दार रंगवून घ्या, फार कळकट दिसतंय.

रंगारी आला आणि त्याने चौकट बाहेरून खरवडायला घेतली. मी खाली एका बाईंना वाचायचा चष्मा लावून बघत होते. रंगारी जिन्यातून वाकून म्हणाला, "बाई, जरा वर या. ह्यावर काहीतरी लिहिलंय."

जुन्या रंगाचे थर निघून लाकूड उघडं पडलं होतं, आणि लाकडात अक्षरं होती. चाकूने खोल कोरलेली आणि मग विटेच्या रंगाच्या लेपाने काठोकाठ भरून घासून सपाट केलेली. हात फिरवला तर काही लागत नव्हतं, फक्त दिसत होतं. आमच्या लोकांसाठी जगात जो शब्द वापरतात तो शब्द, आणि त्याखाली 'चालते व्हा'. वर, जिथे पूर्वी डबी असायची, तिथलं लाकूड कुणीतरी ती ओढून काढल्यासारखं फाटलेलं, आणि तेही त्याच लाल लेपाने बुजवलेलं.

तो शब्द मी आयुष्यात पुष्कळदा ऐकला होता, पण आमच्या दारावर, माझ्या उंचीवर कोरलेला कधी बघितला नव्हता. लहानपणी मी रोज तिथूनच दप्तर घेऊन निघत होते.

मग माझं लक्ष त्या लाल रंगाकडे गेलं. तो लेप मी ओळखत होते. सोन्याचा वर्ख चढवायच्या आधी फ्रेमला तो लाल मातीचा लेप देतात. समोरच्या उंबऱ्यावर त्याचे वाळलेले थेंब मी जन्मापासून बघत आले आहे.

मी धाकट्याला हाक मारली. त्याने वाचलं आणि तो जिन्याच्या पायरीवर बसला.

"म्हणजे त्यांनीच कोरलं," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? कोरणारा भरत बसेल?"

"मग कुणी भरलं?"

"ते तू मला विचारतोस? समोर जा आणि त्यांना विचार."

तो जागचा हलला नाही. भीतीवर चारशे पानं लिहिलेला माणूस, पण चार पावलांचा जिना ओलांडवेना. आणि खरं सांगते, मीही पुढे झाले नाही. शेवटी आई बाहेर आली, तिने चष्मा लावून चौकट वाचली, गुडघ्यावर हात ठेवून पलीकडे गेली आणि घंटा वाजवली. इतक्या वर्षांत आमच्या घरातल्या कुणीतरी ती घंटा पहिल्यांदाच वाजवली होती.

फ्रेमवाले बाहेर आले. वयाने वाकलेले, हाताला सरस लागलेला, चष्मा नेहमीसारखा डावीकडून वर चढलेला. आईने नुसतं बोट दाखवलं. त्यांनी चौकट बघितली आणि पहिल्यांदा रंगाऱ्यावर चिडले.

"एवढं खोल खरवडतात का रे? वरचा थर काढायचा, लाकूड नाही सोलायचं."

त्यांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, काम अजून सपाट आहे का ते बघितल्यासारखा.

"हे तुम्हाला कधीच दिसायला नको होतं, वहिनी," ते म्हणाले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. डबी पहिल्यांदा सरळ दिसली त्या दिवशी भल्या सकाळी ते काचेच्या पेटीची वाट बघत खाली निघाले होते, तर आमची डबी ओढून काढून पायऱ्यांवर फेकलेली आणि चौकटीवर हे कोरलेलं. आमच्याकडे अजून सामसूम होती. मुलं शाळेला निघायच्या आत ते नाहीसं व्हायला हवं एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी लेप भरला, घासला, वरून चौकटीच्या रंगाचा हात दिला आणि डबी परत ठोकली.

"सरळ," मी म्हटलं.

"अर्थात सरळ. फ्रेमवाला आहे मी." ते म्हणाले. "पण बसली नाही हो नीट. काही दिवसांनी बघतो तर कललेली. म्हटलं भरलेल्या लाकडात खिळा धरला नसेल. पुन्हा नवे खिळे मारले. पुन्हा कलली. लांब खिळे आणले, तरी कलली. एवढ्या मोठमोठ्या तसबिरी मी भिंतीवर टांगल्या, एक हलली नाही, आणि ही बोटभर डबी मला दाद देईना. शेवटी तुमच्या ह्यांनी ती काढून आत नेली आणि माझ्याशी बोलणं सोडलं. म्हटलं बरोबर आहे त्यांचं. शेजाऱ्याच्या देवाची वस्तू, तीसुद्धा धड लावता येत नाही मला. तेव्हापासून तुमच्या दुकानात यायचीही लाज वाटायची."

आई हसायला लागली. आधी हळू, मग इतकी की तिला भिंतीला टेकावं लागलं. रंगारीही हसला, त्याला काही कळलं नव्हतं तरी. मीही हसले. दोन घरांमधल्या त्या चार पावलांत एक माणूस रात्रंदिवस डबी सरळ करत होता आणि दुसरा तिरकी, आणि पहिल्याला वाटत होतं आपलं काम चुकतंय, दुसऱ्याला वाटत होतं आपल्याला हाकलतायत.

"अहो, ती तिरकीच असते," आई डोळे पुसत म्हणाली. "मुद्दाम."

"मुद्दाम?" फ्रेमवाल्यांना ते पटलं नाही. "कशासाठी?"

आईने आजोबा-नातवाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली. "आणि त्या नातवाच्या एक ठेवून दिली नाही कुणी?" त्यांनी विचारलं.

इथेच सगळं गोड झालं असतं. पण आईच्या पोटात काही राहत नाही. "आणि आम्हाला इतकी वर्षं वाटत होतं की तुम्हीच आमच्या वाईटावर आहात," ती हसता हसता म्हणाली. "ह्याने तर तुम्हाला कादंबरीत खलनायक केलंय."

फ्रेमवाल्यांनी धाकट्याकडे बघितलं. धाकटा पायरीकडे बघत होता.

"म्हणजे हे असलं," त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं, "हे असलं मी करेन असं तुम्हाला वाटत होतं? एवढी वर्षं? रोज नमस्कार करताना?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत तसाच वाकडा लावला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी धाकटा डोळे तपासायच्या खुर्चीत येऊन बसला. गिऱ्हाईक नव्हतं, असतं तरी मी त्याला उठवलं नसतं.

"छपाई थांबवली," तो म्हणाला. "प्रकाशक ओरडले. म्हणाले, कादंबरी आहे, नाव बदललंय, गाव बदललंय, कुणाला कळणार आहे?"

"समोरच्यांना कळणार आहे."

"हो ना." तो बराच वेळ खुर्चीची कळ खालीवर करत राहिला. "पण ताई, खलनायकच गेला तर कादंबरीत उरलं काय?"

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "कोरणारा आहे ना," मी म्हटलं. "तो कुठे गेलाय? तो ह्याच गावात म्हातारा झाला असेल. कदाचित त्याच्या नाकावरचा चष्मा मी केला असेल, आणि त्याने मला 'धन्यवाद, ताई' म्हटलं असेल. त्याचा चेहरा तुला माहीत नाही, मलाही नाही, आणि माहीत नाही हीच त्यातली घाणेरडी गोष्ट आहे. ते लिही की. तुला एक सोयीचा माणूस समोरच्या दारात मिळाला म्हणून तू त्याला उचललास. उगाच एखाद्याला पकडून सगळं त्याच्या माथी मारायचं, हे आपल्या बाबतीत लोक किती काळ करत आलेत, आणि तूही तेच करायला निघालास."

मला वाटलं, जरा जास्तच झालं. पण तो उठला, वर गेला, आणि येताना ते प्रकरण हातात घेऊन आला.

"कुठे?" मी विचारलं.

"समोर. वाचून दाखवायला."

मी दुकान तसंच उघडं टाकून त्याच्या मागे गेले. असलं काही चुकवणाऱ्यांतली मी नाही. फ्रेमवाल्यांनी दार उघडलं, आम्हाला बघितलं, आणि बाजूला झाले. आत सगळीकडे फ्रेमा, सरसाचा वास, भिंतीवर एकही वस्तू केसभरही कललेली नाही. धाकट्याने एका स्टुलावर बसून ते प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचलं. एक शब्द गाळला नाही. त्यातला फ्रेमवाला पाताळयंत्री होता, त्याचे डोळे बारीक होते, आणि तो खिळे दातात धरून हसायचा.

वाचून संपलं. फ्रेमवाले आपल्या टेबलावरचा सरसाचा ब्रश ह्या हातातून त्या हातात करत राहिले.

"खिळे दातात धरत नाहीत," ते शेवटी म्हणाले. "ओठात धरतात. दातात धरले तर दात जातात. हे बदल."

"सगळंच बदलणार आहे, काका."

"आणि वर्ख असा बोटाने लावत नाहीत. बोटाला चिकटून फुकट जातो. त्याला मऊ ब्रश असतो. इकडे ये, दाखवतो." त्यांनी एक फ्रेम पुढे ओढली, लाल लेप दिलेली. दाखवता दाखवता तासभर गेला असेल. धाकटा इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माणसासारखा प्रश्न विचारत होता. निघताना त्याने माफी मागितली, साध्या शब्दांत, कादंबरीतल्यासारखी नाही. फ्रेमवाल्यांनी मान हलवली. "तू तेव्हा एवढासा होतास," ते म्हणाले. "तोंडात खिळे असलेला माणूस बघून कुणीही घाबरेल. पण तुझ्या बाबांनी मला एकदा विचारायला हवं होतं. आणि मीही त्यांना विचारायला हवं होतं." मग त्यांनी चहा टाकला आणि आम्ही तो प्यायलो.

"पण पुस्तक चांगलं खपेल ना?" त्यांनी मग विचारलं. "तुमच्या लोकांचं डोकं पैशात—"

"काका," मी म्हटलं, "हे एकदा कायमचं सांगते. माझ्या बाबांनी म्हाताऱ्यांचे चष्मे फुकट दुरुस्त केले. हा आयुष्यभर कादंबऱ्या लिहितोय. आमच्यापैकी कुणाचं डोकं पैशात चालतं ते तुम्ही मला दाखवा."

त्यांनी आमच्या दोघांकडे नीट बघितलं. "खरंच की," ते म्हणाले, आणि त्यांना आमची कीव आल्यासारखी वाटली. ते वाक्य त्यांनी नंतर कधी उच्चारलं नाही. एकदा जिन्यात ओठांपर्यंत आलं होतं, ते त्यांनी खोकून परत गिळलं.

चौकटीचं काय करायचं हा वाद मात्र आठवडाभर चालला. धाकट्याचं म्हणणं, अक्षरं तशीच दिसू द्यावीत, लोकांना कळू दे. फ्रेमवाल्यांचं म्हणणं, मी ती मुलांनी वाचू नयेत म्हणून भरली, आता गावाने वाचावीत म्हणून उघडी ठेवायची का. दोघंही जिन्यात उभे राहून मोठ्याने भांडत होते, आणि मला फार बरं वाटत होतं, कारण त्या जिन्यात इतकी वर्षं कुणी मोठ्याने बोललंच नव्हतं. शेवटी आईने निकाल दिला. "दारावर रंग लावा," ती म्हणाली. "इथे मी राहते, मला रोज तो शब्द बघत घरात शिरायचं नाही. तुला तो लोकांना दाखवायचाय ना? मग पुस्तकात लिही. तिथे कुणी त्याच्यावर रंग लावणार नाही."

धाकट्याने लिहिलं. प्रकाशकाला ताटकळत ठेवून लिहिलं. नव्या कादंबरीत कोरणाऱ्याला चेहरा नाही, नाव नाही, तो फक्त सकाळी चाकू खिशात घालून जिना उतरतो आणि गर्दीत मिसळतो. पण तिच्यात आई शेवटच्या पानापर्यंत जिवंत आहे आणि पत्त्यात लबाडी करते. लोक शिंकतात. एका रविवारी वाचून झाल्यावर धाकटा म्हणाला, "ताई, मी इतकी वर्षं आपण कोण आहोत ते त्या कोरणाऱ्याला विचारत होतो. त्याला काय ठाऊक? ते तिरकी डबी का लावतात त्या गोष्टीतच होतं." आई म्हणाली, छान बोललास, आता हेही पुस्तकात घालू नकोस.

रंग वाळला त्या दिवशी आम्ही डबी पुन्हा बाहेर लावायचं ठरवलं. आईने स्वतः जाऊन फ्रेमवाल्यांना बोलावलं. ते हातोडी, खिळे आणि चक्क कोन मोजायची पट्टी घेऊन आले. मी त्यांना आधी खाली दुकानात नेलं, खुर्चीत बसवलं आणि तो चष्मा हातात घेतला. दांडी गरम केली, वाकवली, टेकू बदलले, नाकावर ठेवून बघितला. माझं किती वर्षांचं दुखणं गेलं ते मलाच ठाऊक. त्यांनी आरशात बघितलं आणि भिंतीवरच्या माझ्या परवान्याकडे बघून म्हणाले, "ही फ्रेम वाकडी लावली आहेस तू." मी म्हटलं, "तुम्हाला वाकड्या चष्म्याची सवय झालीय, म्हणून तशी दिसते." त्यांनी पुन्हा बघितलं. "नाही," ते म्हणाले, "आहेच वाकडी," आणि उठून सरळ करून आले.

वर आल्यावर त्यांनी डबी चौकटीला लावून धरली आणि विचारलं, "किती तिरकी?"

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बाबा अंदाजाने लावायचे. "वरचं टोक घराकडे," धाकटा म्हणाला. "बाकी, तुम्हाला बघवेल तेवढी."

"मला थोडीसुद्धा बघवणार नाही," फ्रेमवाले म्हणाले. त्यांनी पट्टी लावली, पेन्सिलीने बारीक रेघ मारली, खिळे ओठात धरले आणि डबी ठोकली. मागे सरकून बघितलं. चेहरा असा झाला जणू कुणी त्यांच्या दातावर नख ओढलं. आईने डबीला बोटं लावून ओठांना टेकवली, मग मी, मग धाकट्याने. बाबा त्या दिवशी तिथे असायला हवे होते असं मला फार वाटलं, आणि मी ते तसं बोलूनही दाखवलं. फ्रेमवाले म्हणाले, "मलाही." जाताना त्यांचा हात आपोआप डबीकडे वर गेला, अर्ध्यात थांबला, आणि त्यांनी तो खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला निघाले आणि दार उघडलं तर ते समोर आमच्या चौकटीकडे तोंड करून उभे. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले.

"फक्त बघतोय," ते म्हणाले.

मी डबीला बोटं लावली. तिरकीच होती.